मेट्रनची बुडवलेली भांडी

नवं भांडं घरात आलं की आमच्या घरमालकीणबाई त्याच्याकडे वॉर्डात नुकत्याच दाखल झालेल्या पेशंटकडे पाहावं तशा पाहायच्या. आधी चौकशी, मग तपासणी, मग आंघोळ, आणि हे सगळं रीतसर झालं तरच त्याला फळीवर जागा. तोवर ते पिशवीसकट दाराबाहेरच्या बाकावर. एकदा एक इडलीपात्र बाकावर अकरा दिवस होतं. मेट्रनला ताप होता, आणि दुसऱ्या कुणाला त्या केसला हात लावायची परवानगी नव्हती.

मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात त्या मेट्रन होत्या. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी वसईच्या आमच्या गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. मी त्यांचं नाव भाडेकरारावर एकदा वाचलं, ते सही करण्यापुरतं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या दुमजली घराच्या जागी सात मजले उभे आहेत आणि त्या सात मजल्यांना रोज टँकरचं पाणी येतं. टँकरच्या पाण्यावर उभ्या असलेल्या या गावात ज्यांच्या धर्माला टँकरचं पाणी चालत नव्हतं अशा त्या एकट्याच.

त्या बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण मराठी, अलिबागकडच्या. गल्लीतल्या हिंदूंना त्या ख्रिश्चन वाटत, ख्रिश्चनांना मुसलमान वाटत, कारण प्रार्थनेच्या जागेला त्या जुन्या सवयीनं 'मशीद' म्हणत. प्रत्येकाची चूक त्या दुरुस्त करत. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तीच चूक करे, आणि त्या तितक्याच शांतपणे ती पुन्हा दुरुस्त करत. चाळीस वर्षं नव्या नर्सना शिकवलेलं असल्यामुळे ऐकणारा शिकेल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

आम्ही त्यांच्याकडे वरच्या दोन खोल्यांसाठी गेलो तेव्हा अकरा घरांचे नकार आमच्या गाठीशी होते. आम्ही बौद्ध. आडनावावरून बहुतेकांना कळतं. ज्यांना कळत नाही ते आधी गाव विचारतात, मग वडिलांचं नाव, आणि मग 'आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही' असं सांगतात. मागे दोरीवर बोंबील वाळत असले तरी सांगतात. मेट्रननी आडनाव विचारलंच नाही. खुर्चीवर ताठ बसून त्या म्हणाल्या, "भांडी किती?"

"संसाराला पुरतील इतकी," मी म्हटलं.

"ते मला नको. धातूची किती, काचेची किती, मातीची किती?"

माझा नवरा मनातल्या मनात मोजायला लागला. मी अंदाजानं आकडे सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले.

"माझं भांडं वर जाणार नाही. तुमचं भांडं माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही. बाकी तुम्ही काय खाता, कुणाला बोलावता, मला देणंघेणं नाही."

खरं तर हे वाक्य मला तेव्हाच टोचायला हवं होतं. आमच्या घरात 'वेगळं भांडं' हे शब्द कुणी सहज उच्चारत नाही. पण अकरा नकारांनंतर माणूस वाक्यं बारकाईनं ऐकत नाही. आम्ही सामान आणलं.

त्यांच्या भांड्यांची गोष्ट मला समजायला दोन महिने लागले. त्यांच्या धर्मात, धातूचं किंवा काचेचं भांडं परक्याकडून विकत घेतलं, तर ते वापरायच्या आधी निसर्गाच्या पाण्यात पूर्ण बुडवून काढायचं. समुद्र चालेल, झऱ्याचं पाणी चालेल. नळ, बादली, पिंप चालणार नाही. "म्हणजे शुद्ध करायचं," मी म्हटलं.

"शुद्ध करायला साबण आहे," मेट्रन म्हणाल्या. "घासून लख्ख झाल्याशिवाय बुडवायचंच नाही. मी आयुष्यभर ट्रे उकळले, मला स्वच्छता शिकवू नकोस."

"मग बुडवायचं कशाला?"

"दुकानातलं होतं, आता घरातलं झालं. तुझं लग्न झालं तेव्हा तुला काय घासलं होतं का?"

यावर मी हळदीचा विषय काढला नाही.

गंमत अशी, की त्यांच्या आईनं हे कधी केलं नव्हतं. आईला याची गंधवार्ताही नव्हती; ती बिचारी जन्मभर न बुडवलेल्या भांड्यांत नारळाच्या दुधातलं मटण शिजवून सुखानं जगली. मेट्रनना हा नियम निवृत्तीनंतर, बहिणीकडे इस्राएलला तीन महिने राहून आल्यावर कळला. काही बायका निवृत्त झाल्यावर भरतकाम शिकतात, काही सहलींना जातात. मेट्रनना आयुष्यभर नियम पाळायची आणि पाळून घ्यायची सवय. इस्पितळ सुटलं आणि पाळायला काही उरलं नाही. अशा वेळी बहिणीनं हा नियम हातात ठेवला. त्यांनी तो एखाद्या रिकाम्या वॉर्डाचा ताबा घ्यावा तसा घेतला.

भांड्यांवरचं दुकानाचं लेबल काढण्यात त्यांच्या दुपारच्या दुपार जायच्या. भांड्याला डिंकाचा कण जरी चिकटलेला राहिला तरी पाणी तिथे पोचत नाही, आणि मग ते बुडवणं धरत नाहीत. स्टीलवर डिंकाचं लेबल चिकटवणाऱ्या माणसाविषयी त्या जे बोलत ते इस्पितळात शिकल्या असाव्यात. खोबरेल तेल, चिंधी, नख आणि शेवटी भिंग. भिंगातून पाहून त्या 'डिस्चार्ज' म्हणत, आणि आम्ही सांडोरला निघत असू.

सांडोरला बस्त्यावकाकांची केळीची वाडी आहे. वाडीत बावखल, म्हणजे वसईत पूर्वी वाड्यांना पाणी द्यायला खणत ते तळं, तळाशी जिवंत झरे असलेलं. मेट्रननी हे बावखल पसंत करण्यापूर्वी बस्त्यावकाकांची एवढी उलटतपासणी घेतली, की त्यांना वाटलं बाई वाडी विकत घ्यायला आल्यात. झरे किती, उन्हाळ्यात आटतात का, पंपानं वरून पाणी सोडता का. काका म्हणाले, "बाय, माझ्या आजानं खणलंय. झरे मोजायचे राहिले."

दर वेळी ठरलेलं. रिक्षातून पिशवी मी उतरवायची. मेट्रन शेवटच्या पायरीवर बसणार, आधी हात ओला करणार, हिब्रूत काहीतरी पुटपुटणार, आणि भांडं पाण्यात नेऊन क्षणभर हात सोडणार, म्हणजे बोटांच्या जागीही पाणी लागतं. मग लगेच पकडणार. पाच वर्षांत मला पिशवी धरण्यापलीकडे बढती मिळाली नाही. काकांची बदकं हे सगळं जवळ येऊन पाहत. "आमच्या बदकांना मंत्र पाठ झाला," काका म्हणायचे. "मेट्रन, आमची पन भांडी बुडवून द्या."

"तुम्हाला गरज नाही."

"का, आमी असेच का?"

"तुम्हाला तुमचे नियम आहेत. ते पाळता का आधी सांगा."

त्यानंतर काका केळ्यांचा विषय काढत.

एका वर्षी बावखलावर जलपर्णी पसरली म्हणून आम्ही कळंबला समुद्रावर गेलो. ओहोटी होती, लाट पायाशी येत होती, आणि मेट्रनच्या हातात नवी स्टीलची पिठाची चाळणी. जवळ मासळी वाळवणारी एक बाई म्हणाली, "बाय, पानी वडतंय, सोडू नको." आता न सोडून कसं चालेल. मेट्रननी नियमाप्रमाणे सोडली, समुद्रानं नेली. ती बाई माझ्याकडे पाहत राहिली, मी मेट्रनकडे. मेट्रन पदर झटकून उठल्या. "गेली," म्हणाल्या. "पण बुडाली व्यवस्थित."

विजेच्या वस्तूंपाशी मात्र धर्माची आणि कंपनीची गाठ पडली. पहिली इलेक्ट्रिक किटली त्यांनी सरळ बावखलात बुडवली. ती पुन्हा तापली नाही. वॉरंटीत होती म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पाण्यात पडली का?"

"पडली नाही. मी बुडवली."

"चुकून?"

"मुद्दाम. पूर्ण."

ती मुलगी फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना शोधत राहिली. मी हळूच म्हटलं, 'पडली' म्हणा ना. मेट्रननी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ऑपरेशन थिएटरात चप्पल घालून आले होते.

मग बहिणीनं फोनवर तोडगा सांगितला. ज्या वस्तूला पाणी सोसत नाही ती परधर्मीयाला देऊन टाकायची आणि त्याच्याकडून वापरायला मागून घ्यायची. परक्याच्या मालकीचं भांडं बुडवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मेट्रननी मला खाली बोलावलं. टेबलावर नवी किटली.

"ही तुला."

मला भरून आलं. मी किटली उचलली आणि जिन्याकडे वळले.

"वर कुठे नेतेस?"

"तुम्ही दिलीत ना?"

"दिली. तुझी आहे. आता मी तुझ्याकडे ती वापरायला मागतेय. देतेस का?"

मी देते म्हटलं. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, नीट जागेवर ठेवली, आणि 'थँक यू' म्हणाल्या. वर्षभरात मी अशी एका किटलीची, एका सँडविच टोस्टरची आणि एका मोठ्या इलेक्ट्रिक राइस कुकरची मालकीण झाले. तिन्हींवर माझं नाव घातलेलं. त्यातली एकही कधी माझ्या घरी आली नव्हती. मैत्रिणींना मी हे रंगवून सांगायचे. धर्माला वाकुल्या दाखवायची ही युक्ती आहे, असं माझं ठाम मत होतं. तसं ते इतरांच्या धर्माबद्दल नेहमीच ठाम असतं.

त्यातला राइस कुकर महत्त्वाचा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत त्या विस्तव पेटवत नसत, बटण दाबत नसत. शुक्रवारी दुपारी कुकर लावून ठेवला की शनिवारी दुपारपर्यंत आतलं गरम राही. आठवड्यातल्या त्या एका दिवशी, एकट्या बाईला गरम जेवण मिळायचं ते माझ्या मालकीच्या कुकरमुळे.

आणि आबा आले. माझे वडील. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर आमच्याकडे. आम्ही दोघं नोकरीवर, म्हणून डोळ्यात थेंब घालायचं काम मेट्रननी आपणहून घेतलं. आबा पहिल्या दिवशी त्यांना "सिस्टर" म्हणाले.

"मेट्रन," त्या म्हणाल्या. "सिस्टर तीन पायऱ्या खाली."

"बरं मेट्रन," आबा म्हणाले. त्यांना त्या आवडल्या. शिस्तीच्या माणसाला शिस्तीचं माणूस आवडतंच. दिवसातून चार वेळा ते खाली जात, खुर्चीवर डोकं मागे टाकून बसत, थेंब घालून घेत, आणि मग दोघं इस्पितळ आणि डेपो यांत जास्त कामचुकार कुठे होते यावर बोलत.

दुसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी आबांनी तिथे चहा घेतला. मेट्रन चहा करत होत्या, कप घ्यायला आबाच उठले. काळा चष्मा, दुसरा डोळाही यथातथाच. मेट्रनच्या फळ्या दोन. मटणाची भांडी एका फळीवर, त्यांना नेलपॉलिशचं लाल टिंब. दुधाची दुसरीवर, निळं टिंब. दूध आणि मटण त्यांच्यात एकत्र येत नाही, भांड्यांतसुद्धा नाही. आबांनी लाल टिंबाचा कप घेतला, आणि तो पुढे करताच मेट्रननी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हा नाही. तुमचा कप वेगळा."

बस, एवढंच. मेट्रननी दिलेल्या दुसऱ्या कपातून आबांनी चहा प्यायला, तो विसळून ठेवला, वर आले, आणि त्यानंतर खाली गेले नाहीत. शुक्रवारी दुपारी मी अर्धी रजा घेऊन आले तर ते आरशासमोर उभे राहून स्वतःच थेंब घालत होते. निम्मे गालावर.

"काय झालं आबा?"

थेंबांची बाटली ठेवून त्यांनी सांगितलं. तेही सहज घडल्यासारखं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या आजोबांचा कप गावातल्या हॉटेलच्या मागच्या भिंतीला, खिळ्याला टांगलेला असायचा, कान तुटलेला. तो आपण घ्यायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, आपण धुवायचा, परत टांगायचा. आबांनी तो लहानपणी पाहिलेला. मी पाहिलेला नाही, पण मी तो ओळखते.

मी खाली गेले. मेट्रन कुकरमध्ये तांदूळ घालायच्या तयारीत होत्या.

"माझ्या वस्तू न्यायला आलेय," मी म्हटलं. "किटली, टोस्टर, कुकर."

मला भांडण हवं होतं. त्यांनी म्हणावं, अगं ते नावापुरतं दिलं होतं. म्हणजे मला बोलता येईल की तुमचा धर्मही नावापुरता, आणि कप मात्र खरा. मी ती वाक्यं जिन्यात जुळवून आले होते.

त्यांनी कुकरमधलं पातेलं पुसलं. वायर गुंडाळून रबर लावलं. तिन्ही वस्तू टेबलावर एका ओळीत ठेवल्या. "तुझ्याच आहेत," म्हणाल्या. "कुकर जड आहे, दोन खेपा कर." कारण विचारलं नाही. मी दोन खेपा केल्या.

शनिवारी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. खिडकीतून मेट्रन दिसत होत्या. ताटलीत पाव, काकडी आणि उकडलेलं गार अंडं. नेहमीसारख्या ताठ बसून खात होत्या. वर माझ्या ओट्यावर माझा कुकर होता. तो कसा लावतात हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या घरात मालकीची गोष्ट खोटी मानणारी मी एकटी होते. माझ्याकडून त्या रोज खरोखरच मागून घेत होत्या. ही जाणीव काही सुखाची नव्हती, आणि ती झाल्यामुळे माझा राग गेला असंही नाही. राग तसाच राहिला, फक्त त्याला बसायला जागा राहिली नाही.

रविवारी सकाळी मेट्रन जिना चढून वर आल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा. गुडघे धरत, प्रत्येक पायरीवर थांबत. आल्या आल्या आबांच्या थेंबांची बाटली हातात घेतली.

"डोकं मागे," आबांना म्हणाल्या. आबांनी डोकं मागे टाकलं. "डोळा लाल केलात. तीन दिवस का आला नाहीत?"

आबांनी थेंब मुरू दिले. मग त्यांनी खिळ्याला टांगलेल्या कपाची गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, एखाद्या जुन्या गाडीतला बिघाड सांगावा तशी. मेट्रन ऐकत राहिल्या. मध्ये एकदाच विचारलं, "हॉटेलवाला गावातलाच?"

"गावातलाच. वडिलांच्या वयाचा."

मग त्यांनी लाल आणि निळ्या टिंबाचं सांगितलं. मटण, दूध, सगळं. त्या म्हणाल्या, "त्या कपातून चहा मीसुद्धा पीत नाही. नियमात माझी चूक नाही. बोलण्यात झाली. 'चहाचा कप वेगळा' असं म्हणायला हवं होतं." मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी नर्सना सांगितलं, पेशंटशी पूर्ण वाक्य बोला."

माफी म्हणून हे कितपत धरायचं, मला कळेना. आबांनी धरलं.

"मी काचेचे सहा कप नवे आणलेत," मेट्रन पुढे म्हणाल्या. "निळ्याचे. बुडवायचे आहेत. माझ्याच्यानं आता त्या पायरीवर बसवत नाही. तुम्ही बुडवाल?"

आबा हसले नाहीत. "माझा हात चालेल तुमच्या धर्माला?"

"हात कुणाचा ते शास्त्र विचारत नाही. पाणी सगळीकडून लागलं पाहिजे, एवढंच विचारतं. थेंबांचा कोर्स संपू दे, मग जाऊ."

मी पाच वर्षं पिशवी धरत होते, ते त्यांना त्या क्षणी आठवलंही नाही. संध्याकाळी मी तिन्ही वस्तू खाली नेऊन ठेवल्या. "वापरायला देतेस?" त्यांनी विचारलं. मी देते म्हटलं. पुढे त्या गेल्यावर भाचा घर आवरायला आला, तेव्हा त्यानं या तीन वस्तू वेगळ्या काढून माझ्या दारात आणून ठेवल्या. आत्यानं लिहून ठेवलंय, म्हणाला, या तिच्या नाहीत.

थेंब संपल्यावर आम्ही तिघं सांडोरला गेलो. बस्त्यावकाकांनी मेट्रनसाठी काठावर खुर्ची आणून ठेवली. आबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शेवटच्या पायरीवर बसले. मेट्रन वरून सूचना देत होत्या: आधी हात ओला करा, कप आडवा न्या, आत हवा राहू देऊ नका, आता सोडा, आता धरा. स्वतः पुटपुटायचं ते पुटपुटल्या.

आबा हळूहळू करत होते. पाण्यात हात घालून तो तसाच ठेवत होते, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. एरवी मेट्रननी टोकलं असतं. सार्वजनिक तळ्याच्या पाण्याला हात लावणं म्हणजे काय, हे आमच्या घरात मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. ते पाळण्यातच कळतं. हे तर कुणाच्या तरी खाजगी वाडीतलं बावखल, मालक जवळ उभा राहून केळी सोलतोय, आणि बदकं पाहतायत. तरी मी दुसरीकडे पाहत राहिले.

चौथा कप आबांनी सोडला आणि धरला नाही. सुटला की सोडला, मी कधी विचारलं नाही. तो तळाशी गेला.

"राहू द्या," काका म्हणाले, "जाळीनं काढतो."

आबा तोवर उतरले होते. पहिल्या पावलाला गुडघाभर, तिसऱ्याला कमरेपर्यंत.

"आतमध्ये गाळ आहे. पाय रुततील," काका म्हणाले.

"रुतू द्या," आबा म्हणाले.

"डोकं पाण्याखाली घालायचं नाही," मेट्रननी खुर्चीतून बजावलं. "डोळा नवा आहे."

आबांनी डोकं घातलं नाही. पायानंच चाचपत राहिले. कप सापडल्यावरही लगेच बाहेर आले नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चारी बाजूंना पाहत होते, केळींकडे, काठाकडे, आमच्याकडे. मग ते चालत पायरीपाशी आले आणि त्यांनी कप वर, मेट्रनच्या हातात दिला.

मेट्रननी पिशवीतून भिंग काढलं. कप उजेडात धरून सगळीकडून फिरवला. बुडाशी चिखलाचा एक ठिपका होता.

"चिखल लागलाय," त्या म्हणाल्या. "हा धरता येणार नाही. पुसून पुन्हा बुडवा."

आबांनी कप घेतला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि पुन्हा बुडवला.